तुटक्या टेपाची वजाबाकी

मस्तगड, जालना
२ डिसेंबर १९९४

प्रिय पुंजाराम,

जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकला असशील. पाच वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. घाबरू नको, इकडे सगळं ठीक आहे. पुष्पाची तब्येत चांगली आहे, थोडी जाड झाली आहे आणि ते मान्य करत नाही. पोरगी आठवीत गेली. किनवटला थंडी आपल्यापेक्षा जास्त म्हणतात. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

कारण साधंच आहे. ऑफिसचं काम आहे, एक आकडा अडलाय. बाकी काही नाही.

राजूरच्या अलीकडचं गिरिजाबाईचं शेत तुला आठवत असेल. काय विचारतोय मी! त्याच शेतापायी तुझी बदली झाली. तरी सगळं क्रमाने लिहितो, कारण माझ्या डोक्यात सध्या क्रम उरलेला नाही.

९० च्या जानेवारीत मोजणी तू केलीस. सात खुंट्या, सात बाजू, कोन आणि लांब्या तुझ्या फिल्डबुकात. गणित माझं. पहिल्या खुंटीवरून निघायचं आणि कागदावर फिरत पुन्हा तिच्यावरच यायचं, तर मी साठ सेंटीमीटर बाजूला पडलो. सहाशे मीटरच्या फेरीत साठ सेंटीमीटर म्हणजे हजारात एक, चालतं. रीतीप्रमाणे ती चूक लांबीच्या हिशेबाने सातही बाजूंना वाटून दिली आणि ट्रॅव्हर्सची फेरी बंद केली. शेत निघालं चार एकर अठ्ठावीस गुंठे. सातबाऱ्यावर पाच एकर. म्हणजे बारा गुंठे शेजारच्या साहेबरावाने दाबले, असा अर्थ झाला.

साहेबराव ऑफिसात येऊन काय ओरडला ते तू ऐकलंच आहेस. "बाई त्या पुंजारामच्याच समाजाची हाये. तिचं शेत कागदावर कमी दाखिवलं की माझ्यातून काढून द्यायला मोकळे!" मग दुसऱ्या माणसाने नव्या टेपाने दोन बाजू मोजल्या आणि दोन्ही तीन-तीन मीटर जास्त भरल्या. साहेबरावाचा बांध वाचला. राहिला प्रश्न चूक कोणाची. ऑफिसच्या साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, माझं गणित बंद होतं. त्यात खोटं काही नव्हतं, बंद होतच होतं. फिल्डबुक असतं तर लगेच उलगडा झाला असता, पण ते गहाळ झालेलं.

आता आजचं. आमच्याकडे परभणीहून उषाबाई बदलून आल्या आहेत. बाई हुशार आहेत आणि तोंडाने फटकळ. नवीन माणसाला चूक कशी वाटून द्यायची हे दाखवायला मी गिरिजाबाईच्या शेताचाच कच्चा कागद वापरतो. अक्षर सुंदर आलंय, खरं कारण तेवढंच. बाईंनी तिसऱ्या बाजूवर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलंय: तीन टेप आणि अकरा चाळीस, ९८.४० वजा ३, बरोबर ९५.४०.

"वजा तीन कायचे?" त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, टेप तुटका होता. पहिला मीटर गेलेला, एकच्या खुणेपासून धरायचा. शेतावर मोजणारा माणूस टेप तीस मीटरचाच समजून आकडा लिहितो आणि गणिताच्या टेबलावर आम्ही दर टेपामागे एक मीटर कमी करतो. आमच्या ऑफिसची पद्धत आहे.

"मंग तीन टेप म्हंजे नव्वद. नव्वद आन् अकरा चाळीस, एकशे एक चाळीस. तुमचे वजा करायच्या आधीच अठ्ठ्याण्णव चाळीस कुठून आले?"

पुंजाराम, मी त्या कागदाकडे दहा मिनिटं पाहत बसलो. मग चहा प्यायलो आणि पुन्हा पाहिलं. सातही बाजूंना तेच. पण माझा ट्रॅव्हर्स बंद होत होता! चूक असेल तर तो बंद कसा होईल? वीस वर्षं हेच करतोय मी, बंद झाला की बरोबर. मला काहीच कळेनासं झालंय.

तुला काही आठवतं का? तुझ्या सवडीने लिही. घाई नाही.

तुझा,
धर्मराज


मस्तगड, जालना
१९ डिसेंबर १९९४

प्रिय पुंजाराम,

जय भीम.

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल. मी तुझ्या जागी असतो तर फाडून टाकलं असतं.

गेल्या पत्रात घाई नाही असं लिहिलं होतं. घाई आहे. निमतानदाराच्या बढतीची यादी पुढच्या महिनाअखेरीला निघणार आहे, आणि तुझ्या नावापुढे अजून 'हेतुपुरस्सर लांबी कमी नोंदवली' हा शेरा आहे. तो गेला नाही तर तू आहे त्याच जागेवर रिटायर होशील. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. त्याऐवजी वहिनींचे गुडघे विचारत बसलो.

ट्रॅव्हर्स बंद कसा झाला ते आता समजलं. इतकी सोपी गोष्ट आहे की सांगायला लाज वाटते. सगळ्याच बाजू साधारण एकाच प्रमाणात आखडल्या तर शेताचा आकार तोच राहतो, फक्त शेत लहान होतं. लहान शेतसुद्धा फिरून पहिल्या खुंटीवर येतंच. पूर्ण टेप संपल्यावर प्रत्येक बाजूचे उरलेले तुकडे कमीजास्त, म्हणून थोडा फरक पडला, तोच साठ सेंटीमीटर. चूक मला तेवढंच तोंड दाखवत होती आणि मी ते तोंड सात जागी वाटून झाकून टाकलं.

म्हणजे आकडे दोनदा कमी झाले. एकदा माझ्या टेबलावर. त्याच्या आधी एकदा कोणीतरी केले. उषाबाई म्हणाल्या, "फिल्डबुक पाहा नं. इथं डोकं फोडून काय होतंय?" मी म्हणालो, ते गहाळ आहे. हे वाक्य इतक्या सवयीने तोंडातून निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

पुंजाराम, ते गहाळ नाही. माझ्या घरी ट्रंकेत आहे. पाच वर्षं तिथेच आहे.

कसं गेलं ते ऐक. त्या आठवड्यात पुष्पाला टायफॉइड होऊन दवाखान्यात ठेवलं होतं. तिथे बसून गणित करता येईल म्हणून फिल्डबुक मी पिशवीत घातलं. गणित झालं, कागद ऑफिसात दिला, पुस्तक पिशवीत राहिलं, आणि पिशवी ट्रंकेत गेली. इथपर्यंत मी चोर नव्हतो. साहेबांनी चौकशीत फिल्डबुक मागितलं तेव्हा तोंडातून निघून गेलं की सापडत नाही. त्या वेळी ते ट्रंकेत आहे हे मला माहीत होतं का? हो. मी ते काढून पाहिलं का? नाही. उघडलं असतं तर काय ते कळलं असतं, म्हणून उघडलं नाही. पुष्पा वळकट्या ठेवायला ट्रंक मागायची, तर मी तिलाही हात लावू दिला नाही.

काल रविवारी उघडलं. तुझं अक्षर, शिसपेन्सिल, जरा पुसट झालेली. तिसरी बाजू, तीन टेप आणि अकरा चाळीस, एकूण ९८.४०. आणि पानाच्या खाली: 'टेप तुटका. वजावट केली आहे.'

म्हणजे वजाबाकी तूच करून ठेवली होतीस. ती ओळ मी तेव्हा वाचली नाही का? पुष्पाचा ताप १०४ होता, डोळ्यांपुढे आकडे होते आणि मी आकडेच वाचले. असं मी स्वतःला सांगतो. पण आता मला असंही वाटतं की तू तोंडानेही काहीतरी बोलला होतास. कुठे, कधी, ते लागत नाही. कधी वाटतं स्पष्ट ऐकलं होतं, कधी वाटतं हे मी आता रचतोय. त्या वेळी मला खरोखर माहीत नव्हतं, की माहीत होतं आणि मी तिकडे जात नव्हतो, याचं उत्तर मला माझ्यातच सापडत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की माहीत होती, ती लिहून टाकतो. साहेबरावाने तुझ्या समाजावर बोट ठेवलं आणि ऑफिसात ते सगळ्यांना लगेच पटलं. मी तुझ्या समाजाचा नाही; तुझ्या जागी मी असतो तर कोणीतरी आधी टेप मागवून पाहिला असता. हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं, पुंजाराम, आणि मला त्याने हायसं वाटलं. गिरिजाबाईला तर ऑफिसात कोणी बोलावलंसुद्धा नाही.

मी काय करायला पाहिजे ते दिसतंय. फिल्डबुक नेऊन द्यायचं. पण कुठे सापडलं म्हणून सांगू? ऑफिसच्या कपाटामागे पडलं होतं असं म्हटलं तर तुझाही शेरा जाईल आणि माझंही निभावेल. साप भी मरे, लाठी भी न टूटे. तुला काय वाटतं? तुझं काम झाल्याशी मतलब, नाही का?

उत्तर लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

धर्मराज


मस्तगड, जालना
१० जानेवारी १९९५

प्रिय पुंजाराम,

जय भीम.

तुझं पत्र आलं. शिव्या शोधल्या, एकही नाही. वहिनींच्या गुडघ्यांबद्दल चार ओळी, जंगलाबद्दल दोन, आणि मग तो मजकूर. तो इतक्या वेळा वाचला की न पाहता लिहू शकतो:

'फिल्डबुक तुझ्या पिशवीत होतं हे मला माहीत होतं. मीच तुला सायकलीवर डबलसीट दवाखान्यात सोडलं. रस्त्यात सांगितलं, वजाबाकी करून ठिवली, तू पुन्हा करू नको, तुझं ध्यान ठिकाणावर न्हाई. तू हो म्हणाला. चौकशीत साहेब फिल्डबुक मागू लागले तवा मी तुझ्याकडं पाह्यलं. तू टेबलाकडं पाहून राह्यलता. म्हटलं आज न्हाई तर उद्या सांगंल. कपाटाचं तुझं तू पाहा.'

तर मी हो म्हणालो होतो. आता सायकल आठवते, मागच्या कॅरिअरवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेला मी आठवतो, तुझी पाठ आठवते. हो म्हणाल्याचं अजूनही आठवत नाही. पण तू म्हणतोस म्हणजे म्हणालो असेन. पद्धत मोडून तू ती वजाबाकी केलीस ती माझं काम हलकं व्हावं म्हणून, आणि तीच तुझ्या गळ्यात आली.

मला हे समजत नाही की तू बोलला का नाहीस. एक वाक्य पुरे होतं, 'पिशवी बघा.' माझी नोकरी गेली असती म्हणून? पुष्पा नुकती दवाखान्यातून आली होती म्हणून? की आपण बोललो तरी कोण विश्वास ठेवणार, असं वाटलं? हे तिसरं कारण मनात आलं आणि मी ताट बाजूला सारलं. तुझ्या गप्प बसण्याचा मी पाच वर्षं असा अर्थ लावला की तुझ्याकडेही सांगण्यासारखं काही नसेल. इतका सोयीचा अर्थ दुसरा कुठला असणार!

काल सोमवारी ऑफिसात गेलो. फिल्डबुक, कच्चा कागद आणि तीन पानांचा जबाब साहेबांच्या टेबलावर ठेवला. हे साहेब नवीन आहेत. त्यांनी फिल्डबुक चाळलं, तुझी ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "हे होतं कुठं?"

तोंडात कपाट तयार होतं. खरं सांगतो, अगदी जिभेवर होतं.

मी म्हणालो, "माझ्या घरी. ट्रंकेत. चौकशी चालू होती तेव्हाही तिथंच होतं, आणि मला ते माहीत होतं."

साहेबांनी जबाबाची पानं उलटून पाहिली. मग म्हणाले, "जबाबात हे वाक्य न्हाई. तुमच्या हातानं लिहा अन् खाली सही करा." उभ्यानेच लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही. तुझ्या शेऱ्याबद्दल पत्र आजच वर जातंय आणि यादी तोवर थांबवायला सांगितली आहे, हे त्यांनी स्वतः सांगितलं. माझ्याबद्दल म्हणाले, सस्पेंड व्हायची तयारी ठेवा.

घरी येऊन पुष्पाला सांगितलं. तिला वजाबाकी वगैरे काही कळली नाही. तिने एवढंच विचारलं, "मंग दवाखान्यात माझ्यासाठी भाकरी घेऊन यायचे ते पुंजारामभाऊच नं?" तूच. रोज. तेही मी विसरलो होतो. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. पोरीमार्फत निरोप देते.

जबाबाची नक्कल सोबत आहे. तिसऱ्या पानाच्या शेवटी जे वाकडंतिकडं अक्षर आहे, ते वाक्य तेवढं नीट वाच. शेरा जाईल, बढती मिळेल असं वाटतं, पण किनवटच्या पाच वर्षांत तुझं जे गेलं ते कोणत्या पत्राने वर पाठवू, मला समजत नाही. माफी मागायला बसलो होतो, आणि इतकं लिहून होईतो ती मागायची हिंमत राहिली नाही.

पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहायला हात आपोआप वळला होता. आवरला. तुला तर पाच वर्षांपासून सगळं कळलेलंच होतं.

धर्मराज