आपला धर्म आपण शिकवायचा नाही

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५, प्लेनो

डोकं फिरलंय नुसतं! सकाळी ग्रेसची मेल. इथल्याच, डॅलसच्या कुठल्याशा हिंदू ट्रस्टनं केनियातल्या आमच्या विद्यापीठाच्या धर्म-अभ्यास विभागाला मोठी देणगी देऊ केलीय म्हणे. हिंदू धर्माचं अध्यासन. अट एकच — शिकवणारा हिंदूच हवा.

म्हणजे ग्रेस बाहेर! पास्टरची पोरगी, माझी विद्यार्थिनी, गेली कित्येक वर्षं तिथे हिंदू धर्म शिकवतेय. त्यासाठी संस्कृत शिकली बिचारी. तिला आता दुसरी नोकरी कोण देणार? पुढच्या मंगळवारी सिनेटची बैठक आहे. विभागाचा इतिहास सांगायला पहिल्या दिवसापासूनचं कोणीतरी हवं, आणि त्यातली उरलेय मी एकटी. झूमवर बोलाल का, विचारतेय. बोलेन? ओरडेन!

मंगळवार, ७ ऑक्टोबर

ग्रेसचा फोन. अजून मला "म्वालिमू" म्हणते, त्यांच्याकडे बाईंना म्हणतात तसं. सिनेटमधला एक शहाणा म्हणाला म्हणे, आपला धर्म आपण शिकवायचा नाही असा काही नियम कधी नव्हताच, ती दंतकथा आहे.

दंतकथा! मी होते ना तिथे! अमेरिकेत यायच्या आधीची गोष्ट. तिघांनी मिळून विभाग उभा केला, तोही पत्र्याच्या खोलीत. पाऊस आला की तास बंद, कारण काही ऐकूच यायचं नाही. फादर डोनल आयरिश पाद्री, ते इस्लाम शिकवायचे. मोंबासाचे हसनभाई, पाच वेळा नमाज पढणारे — त्यांच्याकडे हिंदू धर्म. आणि मी सांगलीची, देवपूजा झाल्याशिवाय चहा न घेणारी — माझ्याकडे बायबल! फादर म्हणायचे, आपल्या धर्मावर माणूस प्रवचन देतो. दुसऱ्याच्या धर्माचा त्याला अभ्यास करावा लागतो. ज्याचा धर्म, त्यानं मागच्या बाकावर बसायचं. मध्ये तोंड उघडायचं नाही. तासाचा शेवटचा भाग मात्र त्याचा. तेव्हा काय बोलायचं ते बोला, आणि शिकवणाऱ्यानं ऐकून घ्यायचं.

हसनभाई गीतेवर बोलायचे तेव्हा मी मागे पदराचं टोक चावत बसायची. एकदा त्यांनी सांगितलं, कर्म म्हणजे नशीब. असा पारा चढला माझा! पण थांबले. शेवटी उठून जे काय सुनावलं! दुसऱ्या दिवशी हसनभाईंनी सगळ्या मुलांसमोर "काल मी चुकलो" म्हणून तो धडा पुन्हा शिकवला. असे होते हसनभाई. आता ते नाहीत, फादर नाहीत, आणि हे म्हणतात दंतकथा.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

जेवताना अथर्वला आणि ऋताला सगळं सांगितलं. त्या ट्रस्टवाल्यांचा उद्धारही केला. मुलगा ताटात डोकं घालून जेवतोय. सून म्हणते, "आई, अजून थोडी भाजी घ्या ना." काहीतरी लपवताहेत दोघं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

ती अट अथर्वनं लिहिलीय. माझ्या पोटच्या पोरानं!

"आई, बस जरा," म्हणाला. "मीटिंगच्या आधी तुला माहीत असायला हवं. मी त्या ट्रस्टच्या कमिटीवर आहे. ती कंडिशन माझी आहे." अध्यासनाला माझं नाव द्यायचं होतं म्हणे. सत्तराव्या वाढदिवसाचं सरप्राइज!

"माझं नाव लावून माझ्याच विद्यार्थिनीला घरी बसवतोयस?"

"तिच्याबद्दल मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं नवीन पोझिशन आहे."

"आता कळलं ना? मग काढ अट."

तेव्हा मात्र भडकला. इथेच जन्मलेला, रागावला की सगळं इंग्रजीत. सहावीत असताना वर्गात एक आठवडा हिंदुइझम होता. गाय, कास्ट, सती. बाई शिकवत होत्या आणि अख्खा क्लास वळून याच्याकडे बघत होता. नंतर डबा खाताना पोरांनी काय काय विचारलं, तेही सांगितलं. इथे लिहवत नाही. "इतकी वर्षं दुसरेच आम्हाला एक्सप्लेन करतायत, आई. इनफ!"

मी म्हटलं, "मग बोलायचंस तिथेच!"

"आय वॉज इलेव्हन, आई!"

एवढ्या वर्षांत हे कधी सांगितलं नव्हतं त्यानं. शाळेतून आला की "हाउ वॉज स्कूल" विचारायची मी, आणि तो "फाइन" म्हणायचा. जवळ घ्यायला गेले तर मागे सरला. "सॉरी. पण मी जे लिहिलंय त्यावर ठाम आहे," म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला.

रविवार, १२ ऑक्टोबर

अथर्व त्याच्या खोलीत, मी माझ्या. ऋता बिचारी याला चहा देते, मला चहा देते, मग स्वतःचा गार झालेला पिते.

सोमवार, १३ ऑक्टोबर

उद्या बोलले तर मुलगा दुखावणार. नाही बोलले तर ग्रेस जाणार. देवा, कुठे अडकवलंस!

मंगळवार, १४ ऑक्टोबर

बोलले.

इथे जेमतेम उजाडत होतं, तिकडे दुपार. अथर्व ऑफिसला गेला नव्हता. ओट्याशी कॉफी घेऊन उभा. मी पत्र्याच्या खोलीपासून सुरुवात केली. हसनभाई, फादर, सगळं सांगितलं. गाडी रुळावर होती. मग त्या शहाण्यानं विचारलं — "देणगीदार तुमच्याच शहराजवळचे दिसतात. ओळखता का?"

मागे कप ठेवल्याचा आवाज आला.

"ओळखते," मी म्हटलं. "ती अट माझ्या मुलानं लिहिलीय. आणि त्याची तक्रार खरी आहे. त्याला वर्गात बसवून त्याचाच धर्म शिकवला, आणि त्याला बोलायची पाळी कधी आलीच नाही. आमच्या विभागात पाळी असायची. म्हणून तो नियम ठेवा. अर्धा नाही, सगळा!"

लॅपटॉप बंद केला. अथर्व नाश्त्याला माझ्या शेजारी बसला.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

जिंकलो! सिनेटनं अट फेटाळली. अट काढलीत तर देणगी द्या, नाहीतर राम राम. अथर्व म्हणतो, "मी कमिटीशी बोलतो, आई. नो प्रॉमिसेस." म्हणेना का! रात्री शिरा केला. दोनदा घेतला त्यानं.

रविवार, १९ ऑक्टोबर

ग्रेसचा फोन. अभिनंदन म्हणायला लागले तर मध्येच थांबवलं. "म्वालिमू, पुढच्या टर्मपासून मी हिंदू धर्म शिकवू शकत नाही." मी म्हटलं, कोणी दबाव आणला? अथर्वचे लोक? "कोणीच नाही. शिकवता शिकवता तो धर्म माझाच झालाय. केव्हा, ते मलाही नाही सांगता येत. बैठकीत तुम्ही बोललात आणि मला लपवणं जड गेलं."

मग काय शिकवणार बाई तू?

"बायबल," म्हणाली. "तुमचा विषय. आता नियमात बसते ना मी!" आणि हसता हसता रडायला लागली. वडिलांना अजून सांगितलेलं नाही. तिकडे रविवारची दुपार, ते अजून चर्चमध्ये आहेत. घरी आले की सांगणार आहे.

हिंदू धर्म शिकवायला ग्रेस आता अथर्वच्या अटीत बसते, आमच्या नियमात नाही! त्याला हाक मारली. तो आला, आणि मला कुठून सुरुवात करावी ते कळेना.