औषध रस्त्याच्या पलीकडे बसते

संदर्भ (आधी लिहिले आहेत. मागील अर्जात ते शेवटी होते व वाचले गेले नाहीत):

अ) उजवा कान, टोकाला फाटलेला.
आ) रक्तदाब १७०/१००. तीच खुर्ची, तोच माणूस, थोड्या वेळाने १४२/८८.
इ) शहाद्याची शेवटची गाडी.
ई) सिमेंटचा गोल पाइप. आत ओल, बेडकांचा वास.
उ) ग्लुकोज बिस्किटांचा पुडा, फोडलेला, मऊ पडलेला.
ऊ) "आप्पा, गल्लीमा धा कुत्रा फिरी ऱ्हायनात, त्यामाईन एक धरी ल्या." (शेजारीण रंजनाबाई, तोंडी.)
ए) केस पेपरवरील तिसरी ओळ.

प्रति,
मा. अभियंता साहेब,
रस्ता देखभाल कक्ष, महामार्ग (विसरवाडी टप्पा)

अर्जदार: धुडकू आनंदा महाले, निवृत्त वाहतूक नियंत्रक, रा. विसरवाडी, ता. नवापूर, जि. नंदुरबार. (महामार्गाच्या अलीकडे.)

विषय: महामार्गाखालील मोरीच्या तोंडावर बसवलेली लोखंडी जाळी पावसाळा सोडून इतर महिन्यांत काढून ठेवणेबाबत, जेणेकरून अर्जदारास डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध (कुत्री) त्याच्यापर्यंत येऊ शकेल.

महोदय,

१. अर्जदार विसरवाडी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होता. खिडकीत बसून गाड्यांच्या नोंदी घेणे, चालकाच्या कागदावर सही करणे आणि भोंग्यावरून गाडी पुकारणे, हे त्याचे काम. स्वतःला "अर्जदार" म्हणण्याची सवय त्याला नोकरीतच लागली, कारण "मी" लिहिलेले कागद वरून परत येत. तरी या अर्जात "अर्जदार" म्हणजे एकच माणूस समजावा. त्याच्या घरात दुसरा कोणी नाही.

२. सदर कुत्री बसस्थानकाच्या बाकड्याखाली जन्मली. रंग मातकट, पोट पांढरे, उजवा कान लहानपणीच दुसऱ्या कुत्र्याने फाडलेला. ती डोळे मिटून पडे, पण कान उभे ठेवी, म्हणून चालक-वाहक तिला "निमआराम" म्हणू लागले. अर्जदार तिला निमा म्हणतो. शहाद्याची शेवटची गाडी पुकारली की ती उठायची, फलाटाच्या टोकापर्यंत चालत जायची आणि गाडीचा मागचा दिवा दिसेनासा झाला की परत यायची. हे काम तिला कोणी दिले नव्हते. महामंडळाच्या मालमत्तेत तिची नोंद नाही, असे आगारातून अर्जदारास कळवण्यात आले आहे. अर्जदाराचेही नाव तेथून कमी झालेले आहे, म्हणून त्याबाबत तक्रार नाही.

३. औषधाबाबत. निवृत्तीनंतर अर्जदार रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून स्थानकावर जाऊन बसत असे. तेव्हा चालक-वाहकांसाठी तेथे आरोग्य तपासणीचे शिबिर लागले. डॉ. महजबीन या तरुण डॉक्टर बाई आल्या होत्या. त्यांनी अर्जदाराच्या दंडाला पट्टा बांधला व आकडा पाहून, "आजोबा, इतका राग कोणावर?" असे विचारले. अर्जदाराने कोणावर नाही असे सांगितले. तेवढ्यात निमा आली आणि अर्जदाराच्या पायावर हनुवटी ठेवून पडली. अर्जदाराने सवयीने तिच्या मानेत बोटे घातली. डॉक्टर बाईंनी थोड्या वेळाने पुन्हा पट्टा फुगवला आणि आकडा उतरलेला पाहून यंत्रच बिघडले असे समजल्या. त्यांनी ते एका चालकाला लावून पाहिले. चालकाचा आकडा चालकाला शोभेल असाच निघाला. मग त्यांनी निमाला दूर नेऊन व जवळ आणून पुन्हा मोजले, आणि हसल्या. त्या म्हणाल्या की जनावराला हात लावून बसले की माणसाचा श्वास लांब होतो, धडधड बसते, डोक्यातला घोर कमी होतो. एकट्या माणसाला तर त्याचा फारच उपयोग. हे काही नवल नाही, फक्त दुकानात मिळत नाही. केस पेपरवर त्यांनी लिहिले: (१) गोळी, सकाळी एक. (२) मीठ कमी. (३) कुत्रीसोबत बसणे, रोज.

डॉक्टर बाईंनी तिसरी ओळ गमतीने लिहिली असे आपल्या कक्षातील लिपिकांचे म्हणणे पडले. अर्जदार नम्रपणे निदर्शनास आणतो की तिन्ही ओळींची शाई एकच आहे आणि सही त्यांच्या खाली आहे.

४. त्यानंतर महामार्ग रुंद झाला आणि स्थानकासमोरचा दुभाजकातला कट बंद करण्यात आला. कट बंद केला ते योग्यच केले. तेथे माणसे मेली होती, त्यातल्या काहींना अर्जदाराने स्वतः गाडीत बसवले होते. त्यामुळे कट पुन्हा उघडावा अशी मागणी अर्जदार करीत नाही व कोणी केल्यास तिला पाठिंबा देणार नाही. मात्र त्या दिवसापासून स्थानक आणि घर ही दोन गावे झाली. पलीकडे जायचे तर विसरवाडी मागे टाकून भुयारी मार्गापर्यंत चालत जावे लागते आणि पलीकडून तेवढेच उलटे यावे लागते. अर्जदाराने ते केले. गुडघे सुजले. दम लागलेल्या अवस्थेत तो स्थानकावर पोहोचे तेव्हा आकडा इतका चढलेला असे की तो उतरेपर्यंत परत निघण्याची वेळ होई. डॉक्टर बाईंनी चालत जाणे बंद करवले. औषध घ्यायला जाण्यानेच आजार वाढत असेल तर औषधाने यावे, असा साधा विचार त्यामागे आहे.

५. आणि औषध आले. हे अर्जदाराने घडवून आणलेले नाही. एके संध्याकाळी तो ओट्यावर बसला असता निमा त्याच्या अंगणात उभी होती. पोट चिखलाने माखलेले, मिशांवर कोळ्याचे जाळे. रस्त्याखालून पावसाचे पाणी काढण्यासाठी मोरी आहे, तिच्या पाइपातून ती आली होती. वर मालट्रक चालले होते आणि खालून ती. तिने अर्जदाराचे पाय हुंगले, ओटा हुंगला, स्वयंपाकघरात डोकावून आली, आणि पायावर हनुवटी टाकून पडली. अंधार पडताच उठली आणि परत पाइपात शिरली, कारण शहाद्याची गाडी सुटायची होती. पुढे हे रोजचे झाले. त्या काळातले केस पेपर सोबत जोडले आहेत, ते पाहावेत. त्यातील आकडे एखाद्या तरुण माणसाचे वाटतील.

६. (हा परिच्छेद अर्जदाराने स्वतः खोडला आहे. त्यात अर्जदाराची पत्नी कै. रुक्मिणीबाई हिच्याविषयी होते व त्याचा रस्त्याशी संबंध नाही.)

७. त्यानंतर मोरीच्या दोन्ही तोंडांना आपल्या कक्षाकडून जाळी बसवण्यात आली. कारण विचारता, आत कचरा अडकतो व शेळ्या शिरतात असे सांगण्यात आले. कचऱ्याचे म्हणणे खरे आहे. शेळी आत शिरल्याचे अर्जदाराने पाहिलेले नाही, परंतु शेळीचा भरवसा देता येत नाही. अर्जदाराने प्रथम तोंडी व नंतर लेखी विनंती केली. त्यावर लिपिकांनी, "बाबा, अलीकडेच दुसरे कुत्रे पाळा ना," असा मार्ग सुचवला. रंजनाबाईंचेही तेच मत आहे (संदर्भ ऊ). अर्जदार इतकेच कळवू इच्छितो की नोकरीच्या सगळ्या वर्षांत, शहाद्याची गाडी चुकलेल्या एकाही प्रवाशाला त्याने "मग धुळ्याला जा" असे सांगितलेले नाही.

८. इतर उपाय करून पाहिले आहेत. आपला वेळ वाचावा म्हणून ते येथे देतो.

निमाला कायमचे घरी आणणे: रिक्षातून आणले. ती आली, भाकरी-दूध खाल्ले, शेपटीही हलवली. अर्जदाराने दाराला कडी लावली. अंधार पडल्यावर ती दाराशी जाऊन उभी राहिली. भुंकली नाही. नुसती दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि थरथरू लागली. अर्जदाराने फक्त अंगणात सोडावे म्हणून दार उघडले. ती सरळ रस्त्यावर गेली, जाळीकडे नाही, वरून. एका कंटेनरने ब्रेक मारला. तो आवाज अर्जदाराला अजून येतो. ती दुभाजकावरून पलीकडे गेली, तिला काही झाले नाही. अर्जदार यापुढे तिला कधीही घरी आणणार नाही. ज्या वाटेने ती स्वतः येते व जाते ती वाट खालून आहे आणि ती सुरक्षित आहे.

रिक्षाने जाणे: बाजाराच्या दिवशी रिक्षा मिळते, तेव्हा अर्जदार जातो. निमा सगळा वेळ त्याच्या चपलेवर बसून राहते. उठू देत नाही. इतर दिवशी रिक्षावाले शाळेच्या फेऱ्यांना असतात, संध्याकाळी तिकडे येत नाहीत.

फोन: स्थानकाबाहेर मुबीन अंडाभुर्जीची गाडी लावतो. मुलगा भला आहे. त्याचा फोन येतो. "कंट्रोलर चाचा, ये खाती नहीं. बिस्किटं तशीच पडलीत. माझ्या हातचं नकोच म्हणते, जशी काय सासू. तुम्हीच बोला हिच्याशी." त्याने फोन तिच्या कानाशी धरला. अर्जदार "निमा" एवढेच म्हणाला. मुबीनने सांगितले की तिने गाडीच्या मागे जाऊन पाहिले, मग नियंत्रण कक्षाच्या दारामागे, मग मुतारीच्या भिंतीमागे, आणि बराच वेळ शोधत राहिली. तेव्हापासून तिच्याशी फोनवर बोलणे बंद केले आहे.

९. सद्यस्थिती अशी. संध्याकाळी ती पलीकडे मोरीच्या तोंडाशी येऊन बसते. अर्जदार अलीकडे उभा राहतो. मध्ये वाहने असतात. दोन ट्रकांच्या फटीतून ती दिसते, मग दिसत नाही, मग दिसते. शेवटच्या गाडीची वेळ झाली की अर्जदार हाताचा कर्णा करून पुकारतो: "नंदुरबारमार्गे शहादा जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे." ती उठते आणि फलाटाकडे जाते. म्हणजे ऐकू जात असावे. अर्जदाराने न पुकारल्यास ती मोरीशीच बसून राहील, आणि तेथे बाजूच्या रस्त्यावरून मोटारसायकली कशाही येतात, म्हणून पुकारणे भाग आहे. गावातील पोरे, "काय साहेब, आज कोणती गाडी लागी ऱ्हायनी?" असे विचारतात. अर्जदार त्यांना खरी वेळ सांगतो. त्यातल्या एकाची गाडी त्यामुळे मिळालीही.

१०. अर्जदाराचा मुलगा अजित सुरतेस असतो. तो दर रविवारी, "आप्पा, सुरतले या. आठे लिफ्ट शे, बाल्कनी शे," असे म्हणतो. "खाले उतरीसन कोनसंगे बोलू?" असे अर्जदाराने विचारले असता तो म्हणाला, "तठे तरी कोनसंगे बोलतस?" याचे उत्तर अर्जदाराजवळ जाळी बसण्यापूर्वी होते. घरात आवाज म्हणावा तर फ्रिजचा आहे. तो बंद पडतो तेव्हा अर्जदार दचकतो. गोळी आता एकाची दोन झाली आहे, मीठ सोडले आहे. केस पेपरवरील दोन ओळी पाळूनही आकडा उतरत नाही, कारण तिसरी ओळ आपल्या जाळीपलीकडे आहे.

सबब विनंती, पसंतीच्या क्रमाने:

(क) मोरीची जाळी पावसाळ्याव्यतिरिक्त काढून ठेवावी. कचरा अर्जदार स्वतः काढील.

(ख) ते शक्य नसल्यास दोन्ही तोंडांच्या जाळीचा खालचा एकेकच गज कापावा. निमा बारीक झाली आहे, तेवढ्यातून येईल. शेळी येणार नाही.

(ग) तेही शक्य नसल्यास जाळीला कुलूप लावून किल्ली अर्जदारास द्यावी. निमाने तोवर पाइपाची सवय सोडली असल्यास अर्जदार स्वतः त्यातून जाईल. पाइप मोठा आहे. गुडघ्याची अडचण चालण्यात आहे, रांगण्यात नसावी. (तपासलेले नाही.) आत काही झाल्यास अर्जदार जबाबदार राहील व तसे लिहून देईल.

(घ) यापैकी काहीच शक्य नसल्यास, कृपया संध्याकाळी आपला एक माणूस पाठवावा. त्याने काही करायचे नाही. मोरीच्या पलीकडच्या तोंडाशी खाली बसावे, तिच्या मानेत, फाटक्या कानाच्या मागे, बोटे घालावीत, आणि अर्जदाराकडे बोट दाखवून तिला सांगावे की तो तेथेच आहे. अर्जदार हात वर करील.

आपला नम्र, रस्त्याच्या अलीकडे राहणारा,

धु. आ. महाले
विसरवाडी, दि. १८ फेब्रुवारी २०२५

सोबत: (१) केस पेपर, डॉ. महजबीन यांच्या सहीचे. (२) मोरीचा हाताने काढलेला नकाशा. ठिपका म्हणजे निमा. (३) मागील अर्जाची पोच. (४) मुबीनने मोबाइलवर काढलेला निमाचा फोटो, पाठमोरा आलेला आहे, तरी ओळखू येते.

ता. क.: मोरीला जाळी बसवणारे मजूर दुपारची भाकरी अर्जदाराच्या ओट्यावर बसून खात असत, आणि अर्जदार त्यांना कांदा कापून देत असे.