डावीकडची सावली

ता. ४, सोमवार

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पोचल्याचं कळवायला उशीर झाला, रागावू नका. आमचं प्रचार कार्यालय म्हणजे बंद पडलेलं चपलांचं दुकान. फळ्यांवर अजून मापांचे आकडे आहेत. आठ नंबरखाली माझा डबा असतो.

आमच्या बाई निवडून आल्या, तर नव्याने आलेल्यांना हाकलायचा कायदा अडेल. आपणही बाहेरूनच आलो, मी तर आईच्या पोटातून. म्हणून दारोदार मतं मागते. आधी मला फक्त आपल्या लोकांच्या गल्ल्या दिल्या होत्या. मी भांडून टेकडीवरचा रस्ता मागून घेतला. पदवी काय घडी करून ठेवायला घेतली? तिथली निम्मी घरं तुम्ही रंगवलीत, ओळख निघेलच.

आईला सांगा, वेळेवर जेवते. माया आटू देऊ नका.

तुमची लेक

ता. ८, शुक्रवार

चि. पदवीधरबाईंना,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आईने दोनदा वाचायला लावलं. वेळेवर जेवतेस यावर तिचा विश्वास नाही.

टेकडीवर जाऊ नकोस. ती माझी गिऱ्हाइकं आहेत. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? आणि खरं सांगू, मला तुझ्या बाईंचं पटत नाही. नवे आलेले रंगारी माझ्या निम्म्या भावात खोली रंगवतात. या वर्षी टेकडीवरून मला एकच बोलावणं आलं. आत आल्यावर दार लावून घ्यावं, नाहीतर घर गार पडतं. यावर तू भाषण ठोकशील, ठाऊक आहे. ते तोंडी ठोक, कागद वाया घालवू नकोस.

आईचा खोकला बरा आहे. सांभाळून राहा, आणि आमच्यावर रुसू नकोस.

बाबा

ता. ११, सोमवार

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं न ऐकता काल टेकडीवर गेले. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी दार उघडलं, तुमचं नाव निघताच पाणी दिलं. म्हणाल्या, तुमच्या वडिलांसारखी माणसं हवीतच, त्रास या नव्यांचा आहे. मी समजावत होते तेवढ्यात त्यांच्या फाटकावरची पाटी दिसली. "आता पुरे, शहर भरलं."

सगळे पाटीवाले अक्षराची सावली उजवीकडे टाकतात. तुम्ही डावखुरे, दुकानांच्या पाट्या रंगवता तेव्हा तुमची डावीकडे पडते. या पाटीवर ती डावीकडे होती. पुढच्या घरावरही, त्याच्या पुढच्याही. मला एकाही दारात नीट बोलता आलं नाही.

बाबा, मत तुमचं आहे, त्यावर माझा हक्क नाही. पण हे तुम्ही मला लिहिलं का नाहीत? रात्री झोप येत नाही.

तुमची लेक

ता. १४, गुरुवार

चि. लेकीस,
अ. उ. आ.

हो, पाट्या माझ्याच. अंगणात रंगवतो, तुझ्या बाईंच्या विरोधातली माणसं ट्रक घेऊन न्यायला येतात. रिकाम्या हाताला काम मिळालं, आणि लिहिलेलं मला पटतंही. तुला लिहिलं नाही, कारण तू काय म्हणशील ते माहीत होतं.

मंगळवारी नवा ट्रकवाला आला. माझ्याकडे बघून विचारू लागला, पेंटर कुठाय? मीच म्हटल्यावर हसला. म्हणाला, आधी नवे जातील, मग तुमचा नंबर. मीही हसलो. आई म्हणते, तुम्ही हसायला नको होतं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

एक पाटी उरली आहे. पांढऱ्या रंगाचा हात देऊन कोरी ठेवली आहे. पुढच्या गुरुवारी ते न्यायला येतील. लिहिणार नाही असं मी म्हणत नाही. फक्त निम्म्या भावाने खोली रंगवणाऱ्याला मी काय सांगू, ते तुझ्या बाईंना विचारून कळव.

बाबा

ता. १६, शनिवार

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. बाईंच्या वतीने आमचे प्रचारप्रमुख म्हणाले, काम सगळ्यांना पुरेल असं सांग. हे मी टेकडीवर सांगू शकते, तुम्हाला नाही.  दुसरं उत्तर रात्रंदिवस शोधते आहे.

बुधवारी संध्याकाळच्या बसने येते, प्रचाराचे कागद इथेच ठेवून. पाटी लिहायचीच असेल तर माझ्यासमोर लिहा. लहानपणी धरायची तसा रंगाचा डबा मी धरीन. हात हलू देणार नाही. फक्त ब्रश बुडवायला वळाल, तेव्हा दर वेळी माझ्याकडे बघावं लागेल.

आईला सांगा, त्या रात्री जेवायला आहे.

तुमची लेक