पत्र्यावर टाकायची दाढ

कोपर, डोंबिवली (प.)
शनिवार

ती. रंगूताईस धाकट्या गुणाजीचा साष्टांग नमस्कार.

एका अक्कलदाढेची खरी किंमत सांगतो: दोन लग्नांतली जेवणं, एक अख्खं पापलेट (माझ्यासमोर बसून हेमांगीने खाल्लं) आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची ताकद. दवाखान्याचं बिल वेगळं. तुझे गुडघे कसे आहेत? जिना उलटी उतरतेस असं कानावर आलं. नको गं तसं करूस.

तर दाढ आडवी उगवलेली, शेजारणीला रेटा देत. डॉक्टर मृणाल म्हणाली, गप्प पडलेल्या दाढेला उगाच हात लावायचा नाही. पण वर्षात तीनदा सूज आली, शेजारची किडायला लागली, आता काढायचीच. आधी सूज उतरू दे. पाच दिवस गोळ्या इमानाने घेतल्या आणि बुधवारी खुर्चीवर चढलो. ती सुई भरतेय तोच आतल्या खोलीत कॉम्प्रेसर सुरू झाला. माझे कान तुला ठाऊक आहेत. आपल्या जुन्या कोपरीत एका जळक्या पंख्याच्या दुरुस्तीपासून सुरुवात केली, आज दोन गाळे आहेत, ते या कानांवरच. मोटार नुसती ऐकून मी तिचा रोग सांगतो. म्हटलं, "डॉक्टर, बेअरिंग गेलंय." ती म्हणाली, "काका, तुम्ही आ करा." मी आ न करता उठलो. (भीती नव्हे. धंद्याची नीती.) दुकानातून नटबोल्ट खोलायचे पाने आणले, कॉम्प्रेसर उघडला, पुसला, बसवला. दोन तास गेले. बाहेरची मंडळी गाल धरून माझ्याकडे बघत होती, त्यात कौतुक फारसं दिसलं नाही.

काउंटरवरच्या संचिताने नवी तारीख दिली, वर एक फॉर्म. 'सोबत येणाऱ्या घरच्या माणसाचं नाव.' मी लिहिलं, रंगूबाई. हेमांगी शेजारीच बसलेली. म्हणाली, "लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आणि ह्यांचं घरचं माणूस अजून टिटवाळ्यालाच!"

काय सांगू तिला? कोपरीच्या घरी माझा दात पडला की तू तो शेणाच्या गोळ्यात घालायचीस आणि कौलावर टाकायचीस. मी पाठ करून उभा. (एकदा मी टाकला, तो शेजारच्या दगडाबाईच्या पापडांवर.) आता ती कौलं नाहीत, तिथे सात मजले आहेत. आणि भाऊबीजेला तू फोनवर ओवाळलंस. ताट स्क्रीनमध्ये मावेना, मी आपलं कपाळ मोबाइलला टेकवून बसलेलो. तुझ्या हातचं तेल-कुंकू नाही, कपाळाला नुसती काच लागली गं.

मुलांना आशीर्वाद. मोठ्यांत आता तूच उरलीस.

तुझा,
गुणाजी

ता. क. येत्या गुरुवारी सकाळी अकराला दवाखान्यात बोलावलंय. टिटवाळ्याहून थेट गाडी आहे, डोंबिवलीला सरकता जिना आहे, खाली मी उभा असेन. दुकानाला पत्रा आहे. शेणाचं मी बघतो, नेम तुझा लागतो. ये.

ता. क. २. हेमांगीला सांगू नकोस. बेअरिंग चांगलं होतं.