खालच्या घोड्याची बंदूक सुनेकडे

मी, केसरबाई लटारू मांडवकर, वय बहात्तर, धंदा शेती, राहणार मौजा मोहागुडा, तालुका जिवती, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या डाव्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. नजर गावातल्या कोणत्याही तरुणाच्या नजरेशी ताडून पाहावी. माझ्यावर दबाव आणील असा माणूस या डोंगरावर अजून जन्मायचा आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

१. माझे पती लटारू हयात नाहीत. मला एकच मुलगा, धनराज. तो घुग्घुसला कारखान्यात फिटर आहे आणि सुटीला घरी येतो. त्याची बायको रंजीता माझ्यासोबत राहून शेत पाहते. त्यांची मुलगी दिव्यानी राजुऱ्याला शिकते. याखेरीज कोणी वारस म्हणून उभा राहिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

२. राहते घर धनराजला. कापूस-सोयाबीनचे शेत धनराज आणि रंजीता या दोघांच्या नावे, सारख्या हिश्शाने. सातबाऱ्यावर सुनेचे नाव कशाला, असे कोणी विचारले तर डुकरे हाकलायला रात्रंदिवस बांधावर कोण असते, एवढेच उलट विचारावे.

३. सासऱ्यांची ऐरण, भाता, घण आणि कानशी धनराजला. लोखंडाची जाण त्याच्याच हातात उतरली आहे. त्याने जोडलेला सांधा मी आजवर तुटलेला पाहिला नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर कधी बोलले नसले तरी बाजारात सगळ्यांना सांगत आले आहे.

४. बँकेत जे असेल ते दिव्यानीच्या शिक्षणाला. त्यातून तेरवीची पंगत उठवू नये. वरणभात करावा, आणि ज्याला तोही आवडत नसेल त्याने घरून जेवून यावे.

५. आता बंदूक. या कागदाचे खरे कारण तीच आहे.

माझ्या नावे पीक संरक्षणाच्या परवान्यावर एक ठासणीची रायफल आहे. आमच्याकडे अशा बंदुकीला भरमार म्हणतात. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरायची आणि गजाने ठासायची. ही मात्र इतरांसारखी नाही. हिचा घोडा नळीच्या खाली आहे. घोड्याच्या ठोक्याने फुटून दारू पेटवणारी तांब्याची टोपीही खालच्या अंगाला बसते, आणि चापाभोवतीची वाकवलेली पट्टी हीच घोड्याला उसळी देणारी कमान. वरून पाहिले तर नुसती नळी आणि नेम धरायची माशी दिसते. नळीचे तोंड जेमतेम वाटाण्याएवढे, आत वळणाच्या खाचा. दारू चिमूटभर लागते.

ती माझे सासरे पोचू मांडवकर यांनी घडवली. राजुऱ्यात त्यांचे बंदूक दुरुस्तीचे परवान्याचे दुकान होते. एका गिऱ्हाइकाची बंदूक तपासताना टोपीचा कपचा उडाला आणि त्यांचा उजवा डोळा गेला. दुसरा कोणी दुकान बंद करून बसला असता. त्यांनी घोडाच खाली नेला, म्हणजे टोपी फुटली तर कपचे जमिनीकडे जातील. रीतसर नोंद करून नळीवर नंबर ठोकला आणि डाव्या खांद्याला लावून ते पुन्हा नेम धरू लागले. ही बंदूक दोन्ही खांद्यांना सारखीच बसते. असा कारागीर माझा सासरा होता, हे मी मरतानाही मान वर करूनच सांगणार.

मी लग्न होऊन आले तेव्हा डाव्या हाताने वाढते म्हणून सासूबाईंनी मला पंगतीतून बाजूला केले होते. मामंजी जेवता जेवता म्हणाले, "राहू दे तिले. हे पोरगी माह्याच खांद्याची हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली. पुढे परवान्याची वेळ आली तेव्हा मुलगा असताना त्यांनी ती सुनेच्या नावे केली. माझ्या नवऱ्याने हसत सही दिली होती. तो भला माणूस होता आणि त्याला स्वतःचा नेम माहीत होता.

या बंदुकीने मी एकही जीव मारलेला नाही. डुकरे आवाजाने पळतात. नेम धरायचा तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी आमच्या गावचे परवानेवाले पोलीस पाटलाला कळवून टेकडीच्या पायथ्याशी जमतात. ओंडक्यात कुऱ्हाड रोवतात, धार आपल्याकडे. तिच्या दोन्ही बाजूंना मागे एकेक कच्ची पणती ठेवतात. गोळी बरोबर धारेवर बसली तर चिरते आणि दोन्ही पणत्या फुटतात. जरा इकडेतिकडे झाली की एकच फुटते. मोठ्या तोंडाच्या बंदुका घेऊन आलेले कितीतरी गडी एका पणतीवर घरी गेले. मी गेले नाही.

६. राजुऱ्याचे गुणवंतराव यांना माझ्यातर्फे एक वापरलेली टोपी द्यावी. कारण असे. ते दुनळी मिरवत दसऱ्याला आले आणि माझ्या बंदुकीला "बाईची उलटी बंदूक" म्हणाले. मी म्हटले, चालवून पाहा. घोडा खाली दिसताच त्यांना वाटले की आपणच उलटी धरली आहे. म्हणून त्यांनी ती फिरवून घोडा वर केला, माशी गेली खाली, आणि मी "भाऊ, थांबा" म्हणेपर्यंत चाप ओढला. टोपीचे कपचे त्यांच्या फेट्यात शिरले. गोळी कुठे गेली ते आजवर कोणाला सापडले नाही. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणे सोडले. माझा राग गेलेला नाही, पण टोपी द्यावी.

७. ही बंदूक, गज, गोळ्यांचा साचा आणि दारूचे शिंग मी माझी सून रंजीता हिला देत आहे. परवान्यावर तिचे नाव माझ्यासोबत वापरणारी म्हणून आधीच चढलेले आहे.

धनराजला हे पटलेले नाही. जंगलाच्या वाटेवरच्या एका हॉटेलवाल्याला ही बंदूक दिवाणखान्यात लावायची आहे. नळी बुजवून, घोडा झाळून पक्का करून, खाली आजोबांच्या नावाची पाटी. धनराज मला म्हणाला, "आई, भिंतीवर लागली तर नाव तरी राहीन. घरी ठेवून काय करून राह्यलो आपण? लोक मले बंदूकवालीचा पोरगा म्हणून हासतात." त्याचे दुःख मला कळते. पण बुजवलेल्या नळीखाली मामंजींचे नाव मला बघवणार नाही. कायद्याने बंदूक रंजीताच्या नावे व्हायला धनराजची ना-हरकत लागते. तो देणार नसेल तर माझ्यामागे ती ठाण्यात जमा होईल आणि तिथे गंजेल. घर अडवून मी त्याची सही घेऊ शकले असते. ते करणार नाही. घर त्याला विनाअट दिले आहे.

रंजीताच का, ते लिहिते. मागच्या एका दसऱ्याला नेम धरायची पाळी तिची होती. सारे गाव ओरडत होते. तिने नेम धरला, श्वास रोखला आणि बंदूक खाली उतरवली. "टेकडीमागं धूर हाय. कोणी तरी बसलं असंन," म्हणाली. लोक हसले. जाऊन पाहिले तर गावच्या बकऱ्या राखणारी मंगली बकऱ्या सोडून चहा उकळत बसली होती. पणत्या मीही फोडते. पण इतक्या आरडाओरड्यात चापावरचे बोट काढून घेणे मामंजींना जमत होते, मला जमते, आणि तिला जमते.

रंजीताला सूचना: गोळीभोवतीची चिंधी जुन्या धोतराची, मोहाच्या तेलात भिजवलेली असावी. बार झाला की नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावी. पाहुण्याच्या हातात देताना घोडा कुठे आहे ते आधी दाखवावे.

८. येथवरची सात कलमे आज सकाळी साक्षीदारांसमोर वाचून दाखवली. त्यानंतर जे घडले ते येथे जोडते.

धनराज उठून उभा राहिला. मग म्हणाला, "सही देतो. पण दसऱ्याचं ऐकलेलं नाई चालत. मले दिसलं पाह्यजे. आत्ता, इथी." पोलीस पाटील सोमारी साक्षीला होतीच. आम्ही घरामागच्या शेतात गेलो. कुऱ्हाड धनराजनेच रोवली, पणत्या त्यानेच मांडल्या, आणि मुद्दाम नेहमीपेक्षा दूर मांडल्या. बांधापलीकडे कोणी नाही हे रंजीता स्वतः चालत जाऊन पाहून आली. धनराज लहानपणापासून बार होताना डोळे मिटतो. आज त्याने मिटले नाहीत. मी कुऱ्हाडीकडे पाहतच नव्हते, त्याच्याकडे पाहत होते.

बार झाला. तो ओंडक्यापर्यंत गेला आणि दोन्ही पणत्यांची खापरे ओंजळीत घेऊन आला. ती रंजीताच्या हातात दिली. मग तिथेच उभे राहून त्याने हॉटेलवाल्याला फोन लावला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला, "नाई जमत साहेब. बंदूक कामात हाय. माही बायको चालवते."

हे सर्व मी राजीखुशीने लिहिले, वाचून दाखवले, आणि माझ्या सहीखाली माझ्यादेखत खालील दोघांनी सह्या केल्या.

लिहून देणार: केसरबाई लटारू मांडवकर

साक्षीदार:
१. सोमारी कोडापे, पोलीस पाटील, मोहागुडा
२. इसरू आत्राम, शेजारी, मोहागुडा (दोन्ही पणत्या फुटल्या, हे मी पाहिले.)

ठिकाण: मौजा मोहागुडा
दिनांक: ४ डिसेंबर २०२४

ना-हरकत: वरील बंदूक माझी पत्नी रंजीता हिच्या नावे होण्यास माझी कोणतीही हरकत नाही. आईने जिवंतपणीच परवाना तिच्या नावे करावा. मी सोबत येतो.
धनराज लटारू मांडवकर