मंडपवाल्याच्या लाल खुर्च्या

मंगळवार, २ डिसेंबर, संध्याकाळ

परदेशी खरेदीदारांची तपासणी आज झाली. कंपनी पास. साहेबांनी दिलेला पेढा अजून पर्समध्येच आहे.

तिकडच्या आणि इकडच्या कामगार संघटनांनी भांडून नियम करून घेतलाय की पॅकिंगच्या बायकांना बसायला खुर्ची हवीच. आमच्याकडे सगळ्या दिवसभर उभ्या. म्हणून खोपोलीच्या मंडपवाल्याकडून लाल खुर्च्या मीच मागवल्या, सुपरवायझर ना मी! फक्त आजच्यापुरत्या.

तपासणीवाल्या बाईंनी दुभाष्याकडून पॅकिंगच्या तुळसामावशीला विचारलं, "रोज बसायला मिळतं?"

मावशीने आधी माझ्याकडे बघितलं. "मिळतं की. रोज बसतो आमी."

मी मान का डोलावली?

सुट्टी झाल्यावर टेंपो आला. त्या लाल खुर्च्या मावशीच उचलून आत देत होती, सुजलेल्या पायांनी. मी नुसती बाजूला उभी. शेवटी तीच म्हणाली, "लग्नसराई हाय ना ताई, कुणाला तरी लागत असतील."

कारणसुद्धा तिनेच शोधून दिलं. आणि मी म्हटलं, "हो ना मावशी, उद्याच आहे एक लग्न."