रबरी बदक

प्रिय मालकीणबाई,

मी बरा आहे, दोन वेळचं जेवण नीट जातंय. गेल्या महिन्यात दुकानात माझ्या हातातून कात्री गळून पडली, ते तुला मुद्दाम कळवलं नाही. मानेतली रक्ताची नळी आतून बुजत आलीय. गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे.

डॉक्टर म्हणाले, "शंभरात दोघा-तिघांना टेबलावरच लकव्याचा झटका येतो. पण केलं नाही, तर धोका त्याहून मोठा." आवाजही बसू शकतो म्हणे. बसला तर घरात तुझंच राज्य. तसं ते आताही आहेच.

भूल फक्त मानेपुरती देतात. उजव्या, माझ्या कात्रीच्याच हातात वाजणारं रबरी बदक ठेवतात आणि सांगतील तेव्हा दाबायला लावतात. ते वाजेनासं झालं, की मेंदूला रक्त कमी पडतंय हे त्यांना कळतं. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांचं काल मध्येच थांबलं, असं नर्सबाई म्हणाल्या. आज ते पाणी हवं असलं, की डाव्या हाताने तांब्याकडे बोट दाखवतात.

आईचा खोकला कमी झाला का?

आपल्या छोटीकडे तसलंच बदक आहे ना? गुरुवारी ते कपाटात ठेवून दे. वाजवता वाजवता तिने मध्येच टाकून दिलं, तर तू उगाच घाबरशील.

तुझाच,
शिंपीबुवा